खरखर ऐकू येते तेव्हा : ‘सायलेंट हिल २’विषयी

श्रोतेहो, नमस्कार.

आज ज्या भीतिदायक व्हिडिओ गेमविषयी मी बोलणार आहे, त्यात नायकाच्या हाती पडणाऱ्या पहिल्या काही वस्तूंपैकी एक म्हणजे छोटासा रेडिओ. त्यावर गाणी लागत नाहीत, बातम्याही लागत नाहीत. एखादा विद्रूप प्राणी जवळ आला की तो खरखरू लागतो, एवढेच. कोनामी या जपानी कंपनीच्या ‘टीम सायलेंट’ या चमूने तयार केलेला ‘सायलेंट हिल २’ सप्टेंबर २००१ मध्ये प्लेस्टेशन २ या गेमयंत्रावर आला. पहिला भाग १९९९ चा होता. पुढचा भाग म्हटले की तीच पात्रे आणि तेच वैर आणखी मोठ्या प्रमाणात पुढे चालवायचे, ही बहुतेकांची रीत. या चमूने मात्र पहिल्या भागातून मुख्यतः सायलेंट हिल हे गाव आणि त्यावरचे धुके घेतले आणि कथा पूर्णपणे नवी रचली. जेम्स संडरलँड या माणसाला त्याच्या मृत पत्नीचे, मेरीचे, पत्र येते आणि तिच्या शोधात तो या गावात पोहोचतो. याहून अधिक कथा सांगणे हा नव्या खेळाडूवर अन्याय होईल.

या गेमचे सर्वांत मोठे बळ त्याच्या ध्वनीत आहे. सुरुवातीला जेम्स तलावाकाठच्या रानवाटेने गावाकडे चालत उतरतो. ही वाट चांगली काही मिनिटे चालते आणि तीवर एकही शत्रू भेटत नाही. पावलांचा आवाज, आजूबाजूला अस्पष्टशी चाहूल आणि दाट धुके यांखेरीज तिथे काहीच नाही; तरीही मागे वळून पाहावेसे वाटत राहते. अकिरा यामाओका यांचे संगीत कधी हळुवार पियानो होते, तर कधी लोखंडावर लोखंड घासल्यासारखे कानात शिरते, आणि पुष्कळदा ते मुळीच नसते. मला विचाराल तर, ते नसते तेव्हाच ते सर्वाधिक परिणाम करते. रेडिओची खरखर संकट आल्याचे सांगते, पण ते कोणत्या दिशेने आले हे सांगत नाही. त्यामुळे दचकण्याचा क्षण ती काढून घेते, हे खरे असले, तरी त्याच्या जागी ताटकळण्याची भीती देते, आणि हा सौदा तोट्याचा नाही.

दुसरे बळ सहज लक्षात येत नाही. या गेमला अनेक शेवट आहेत, पण कोणता शेवट हवा, असे खेळाडूला कुठेही विचारले जात नाही. जखमी अवस्थेत तुम्ही किती वेळ हिंडलात, मेरीचे छायाचित्र काढून पाहिलेत का, मेरीसारखीच दिसणारी मारिया बरोबर असताना तिच्याजवळ राहिलात की तिला मागे सोडून गेलात, वाटेत भेटणाऱ्या अँजेला या तरुणीने दिलेला सुरा पुन्हा पुन्हा न्याहाळलात का, अशा वागणुकीची गेम गुपचूप नोंद ठेवतो आणि त्यावरून जेम्सच्या मनाची दिशा ठरवतो. आपण सहज म्हणून केलेली कृती कोणीतरी टिपत होते, हे नंतर कळल्यावर जी अस्वस्थता येते, ती कोणत्याही राक्षसामुळे आलेली नसते.

आता दोषांकडे वळतो. लढाई हा या गेमचा लंगडा पाय आहे. खिळा असलेली फळी किंवा लोखंडी नळी उगारायची, ती सावकाश खाली येईपर्यंत वाट पाहायची आणि शत्रू पडला की त्याला लाथ मारायची, हेच पहिल्यापासून अखेरपर्यंत चालते. जेम्स साधा माणूस आहे, त्याला लढता येत नाही हेच योग्य, असे समर्थन नेहमी ऐकू येते. मला ते अर्धेच पटते. शत्रू इतके संथ आहेत की रस्त्यावर त्यांना सहज टाळता येते, आणि बंदुकीच्या गोळ्या एवढ्या सापडतात की टंचाईचा धाक, जो या प्रकारच्या गेमचा प्राण असतो, मध्यानंतर उरतच नाही. पिरॅमिड हेड या पिरॅमिडसारख्या डोक्याच्या राक्षसाशी जिन्यात होणारी पहिली लढत याला सुंदर अपवाद आहे, कारण तिथे त्याला मारणे शक्यच नसते. भोंगा वाजून तो आपणहून निघून जाईपर्यंत कसाबसा जीव वाचवायचा असतो.

कोड्यांबद्दल थोडक्यात सांगायचे तर, काही सुरेख आहेत आणि काही निव्वळ विक्षिप्त. कचऱ्याच्या नळीत अडकलेले नाणे मिळवण्यासाठी तीत रसाचे डबे टाकावेत, हे कोणाला सुचावे? न उघडणाऱ्या दारांची संख्याही फार आहे, मात्र जेम्स अशी दारे नकाशावर लाल रेघेने स्वतःच खुणावत जातो, ही सोय त्या काळासाठी उत्तम होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पोलंडच्या ब्लूबर टीमने या गेमची नवी आवृत्ती आणली. कॅमेरा खांद्यामागे आला, वार चुकवण्याची सोय झाली आणि मारामारी खरोखर धोक्याची वाटू लागली. पण हाती चांगली लढाई आल्यावर तिचा वापर आवरला गेला नाही. मार्ग पुष्कळ लांबला, शत्रू वाढले, आणि मूळ गेममध्ये जिथे रिकामा बोळ पुरेसा होता, तिथे आता कोणीतरी दबा धरून बसलेले असते. दहाव्यांदा तसे झाले की भीतीची जागा सराव घेतो.

मूळ गेममध्ये लढाईची आणि कोड्यांची काठिण्यपातळी स्वतंत्रपणे निवडता येते. तो प्रथमच खेळणाऱ्यांनी लढाई सर्वांत सोपी ठेवावी, कोडी मध्यम ठेवावीत, आणि खिशातला रेडिओ बंद करण्याचा मोह टाळावा.