ईनियसच्या कर्तव्याची किंमत

श्रोतेहो, नमस्कार.

ग्रीकांनी जिंकलेलं ट्रॉय शहर पेटलं आहे. ईनियस म्हाताऱ्या बापाला पाठुंगळीला मारतो, पोराचा हात धरतो आणि वेशीकडे निघतो. कुलदेवता बापाच्या हातात. बायकोला, क्रेउसाला, मात्र तो मागून यायला सांगतो. ती वाटेतच हरवते.

हा रोमन कवी व्हर्जिलच्या ‘ईनीड’ या महाकाव्याचा नायक, व्हीनस देवीचा मुलगा, रोमनांचा मूळपुरुष. इटलीत नवा वंश रुजवायचा, हे त्याचं विधिलिखित. माणूस कर्तव्यदक्ष खरा. पण त्या कर्तव्याची किंमत बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी मोजतं.

सगळ्यात जास्त मोजली ती डायडो राणीनं. भावानं नवऱ्याचा खून केला म्हणून ती टायर शहरातून निसटली आणि आफ्रिकेच्या किनाऱ्यावर कार्थेज नगर वसवू लागली. ईनियसला जे करायचं होतं, ते या बाईनं आधीच करायला घेतलं होतं! दोघांचं प्रेम जमलं. मग देवांचा राजा ज्युपिटर याचा निरोप घेऊन देवदूत मर्क्युरी आला, आणि ईनियसनं गलबतं सज्ज करायला सांगितली. ‘इटलीला मी माझ्या मर्जीनं जात नाही,’ एवढंच तो म्हणाला. डायडोनं चिता रचली आणि त्याचीच तलवार स्वतःवर चालवली. मरताना शाप दिला: माझ्या अस्थींतून सूड घेणारा कुणी उठो. रोमन वाचकाला लगेच रोमवर चालून आलेला कार्थेजचा सेनापती हॅनिबल आठवला असणार. कार्थेज तर रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्येच उद्ध्वस्त केलं होतं.

पुढे पाताळात ती दिसते. ईनियस रडतो, सफाई देतो. ती एक शब्द बोलत नाही, पाठ फिरवून पहिल्या नवऱ्याकडे निघून जाते. माझ्या मते सबंध काव्यात याहून कडक उत्तर नाही.

त्याच पाताळात बाप त्याला भावी रोमन वीर दाखवतो, थेट व्हर्जिलच्या काळातल्या सम्राट ऑगस्टसपर्यंत. राजस्तुतीच ती, मी भराभर पुढे जातो. पण तिथेच बाप बजावतो, शरण आलेल्यांना अभय द्या.

आणि बाराव्या, शेवटच्या सर्गात, राजकन्या लव्हिनियावरून ईनियसशी लढणारा इटलीतला राजा टर्नस गुडघ्यावर येऊन दयेची याचना करतो. ईनियस थबकतोही. तेवढ्यात टर्नसच्या खांद्यावर ईनियसच्या बाजूनं लढलेल्या कोवळ्या पॅलसचा पट्टा दिसतो, टर्नसनंच मारलेल्या पॅलसचा. संतापाच्या भरात ईनियस तलवार खुपसतो. काव्य तिथेच संपतं. ना लग्न, ना राज्याभिषेक.

व्हर्जिल इ.स.पू. १९ मध्ये वारला. अखेरचा हात फिरायचा राहिला म्हणून त्याला हे काव्य जाळायचं होतं, असं सांगतात. ऑगस्टसनं ते होऊ दिलं नाही. काही ओळी आजही अर्ध्याच आहेत. टर्नसचा शेवट मात्र व्हर्जिलनं जाणूनबुजून असा ठेवला असावा, असं मला वाटतं.