टरफलातून निघणारा पापुद्रा

नमस्कार श्रोतेहो. कोळंबी सोलणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते: जेवढं पातेल्यात पडतं, जवळजवळ तेवढंच कचऱ्यात जातं. डोकं, टरफल, शेपटी. प्रक्रिया कारखान्यांत याचे ढीग साठतात आणि काही तासांतच नाक धरायची वेळ येते. या घाणीतून अन्न गुंडाळायचा पारदर्शक पापुद्रा निघतो म्हटलं, तर चटकन पटत नाही. पण निघतो.

टरफलात मुख्यतः चुनखडी, प्रथिनं आणि कायटिन नावाचा चिवट, तंतुमय पदार्थ असतो. आपल्याला हवं ते कायटिन. गंमत म्हणजे ते आधी सापडलं अळंबीत, १८११ साली, आंरी ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला.

टरफलं धुऊन, वाळवून, कुटायची आणि सौम्य आम्लात टाकायची. लगेच सोड्याची बाटली उघडावी तसं फसफसतं. ती चुनखडी विरघळत असते. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात प्रथिनं निघून जातात. उरलेलं कायटिन ४० ते ५० टक्क्यांच्या कडक कॉस्टिकमध्ये तापवलं की त्याचं कायटोसॅन होतं, आणि हे व्हिनेगरसारख्या पातळ आम्लात विरघळतं. त्यात थोडं ग्लिसरीन घालायचं, नाहीतर पापुद्रा वाळल्यावर पापडासारखा मोडतो. पाकासारखं दाट द्रावण सपाट ताटलीत ओतून वाळू द्यायचं आणि कडेला नख घालून अलगद सोलायचं. हातात येतो किंचित पिवळसर, करकरीत पापुद्रा.

कोरडा असेपर्यंत तो ऑक्सिजन छान अडवतो. जंतूंची वाढ रोखतो. मातीत गेला की सूक्ष्मजीव त्याला खाऊन टाकतात. पण दमट हवेत फुगतो आणि वाफ अडवायचं काम त्याला जमत नाही. प्लास्टिकसारखा वितळतही नाही, तापवला की करपतो. त्यामुळे पिशव्या बनवणारी नेहमीची यंत्रं इथे उपयोगाची नाहीत. शिवाय प्रथिनांचा अंश राहिला, तर कोळंबीची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना धोका.

मला खरी खटकते ती कॉस्टिकची गोष्ट. एवढं क्षारयुक्त पाणी गटारात सोडून वर 'पर्यावरणस्नेही' म्हणवून घ्यायचं? म्हणूनच दह्यातल्यासारखे लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वापरून टरफलं आंबवायचे प्रयोग चालू आहेत. काम सावकाश होतं, पण चुनखडी आणि बरीचशी प्रथिनं सुटतात. कायटोसॅन करायची शेवटची पायरी मात्र अजून बहुतेक ठिकाणी कॉस्टिकवरच अडलेली आहे.

तोवर एक सोपा उपयोग आहेच. पिशवी करायच्या भानगडीत न पडता फळच कायटोसॅनच्या द्रावणात बुडवायचं आणि निथळून वाळवायचं.