पहिलीचा वर्ग, सकाळी आठ ते साडेबारा

(दृश्य: जूनमधला पाऊस. शाळेचं फाटक, छत्र्या, रेनकोट, व्हरांड्यात काढलेल्या चपला.)

सत्तरी, डिचोली, पेडणे, फोंडा. गोव्यातल्या या तालुक्यांच्या वाड्यावाड्यांवर आजही सरकारी मराठी प्राथमिक शाळा भरतात. शाळा लहान असते. दोन खोल्या, पुढे व्हरांडा, वर कौलं. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, असा शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब आहे. त्यामुळे अशा शाळेत पहिली आणि दुसरी बहुधा एकाच खोलीत, एकाच टीचरकडे बसतात.

पहिलीत येणाऱ्या मुलाने अंगणवाडी पाहिलेली असते, शाळा पाहिलेली नसते. घंटा झाली की काय करायचं, रांग कुठून सुरू होते, पाटी कुठे ठेवायची, लघवीला जायचं तर कुणाला सांगायचं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते शिकवावं लागतं, अक्षरांइतक्याच नेटाने. जूनचे पहिले तीन आठवडे यात गेले तर ते वाया गेले असं समजू नये. ज्या वर्गात हे शिकवलेलं नसतं, तिथे वर्षभर रोज थोडा थोडा वेळ गळत राहतो. तो गळतो एक काम संपून दुसरं सुरू होण्याच्या मधे.

(दृश्य: दारातलं गोणपाट. भिंतीवरच्या खुंट्या, प्रत्येकीखाली एक चित्र.)

सकाळची सुरुवात दारातच करू. गोव्याच्या पावसात वीस मुलं आत आली की लादीवर पाण्याचं थारोळं होतं आणि पहिला पडतो तो पहिलीतलाच. म्हणून दारात दुहेरी गोणपाट असतं, आणि कोपऱ्यात दुसरं कोरडं. प्रार्थना संपेपर्यंत पहिलं चिंब झालेलं असतं, ते बदलायचं. छत्र्या मिटून, टोक खाली करून बादलीत. बटणाची छत्री सहा वर्षांच्या बोटांना मिटत नाही. ती मिटायला चौथीतला एखादा मुलगा दाराशी उभा करतात.

रेनकोटांची गोष्ट वेगळी. निम्मे निळे, निम्मे पिवळे, सगळे सारखे. आतून नाव लिहून जूनमध्ये उपयोग नाही, कारण नाव वाचता येत नाही. त्यामुळे प्रत्येक मुलाला एक चित्र ठरवून देतात: मासा, माड, होडी, कासव. तेच चित्र रेनकोटच्या कॉलरला आतून, तेच खुंटीखाली, तेच पाण्याच्या बाटलीवर. खुंटी जमिनीपासून तीन फुटांवर, मुलाच्या खांद्याच्या उंचीवर. त्याहून वर असली की मूल रेनकोट खालीच टाकतं, मग आळशी ठरवून त्याला ओरडा बसतो. दिवाळीच्या सुटीनंतर चित्राशेजारी नाव येतं आणि काही आठवड्यांनी चित्र काढून टाकतात.

हजेरीचंही तसंच. नाव पुकारून "हजर" म्हणवून घ्यायला वेळ लागतो आणि त्या वेळात उरलेली मुलं रिकामी बसतात. त्याऐवजी भिंतीवर कापडाचे दोन कप्पे लावले जातात, एक घराचा, एक शाळेचा. मूल आत येताना आपलं कार्ड घरातून काढून शाळेत ठेवतं. घरात किती कार्डं उरली ते दुसरीतली मुलं मोजून सांगतात. टीचर ती पडताळते आणि मस्टरवर हजेरी लावते. पहिलीतलं मूल सगळ्यात आधी वाचतं ते स्वतःचं नाव, आणि ते इथे, कुणी न शिकवता.

(दृश्य: व्हरांड्यात प्रार्थना. मोठी मुलं प्रतिज्ञा म्हणतायत, पहिलीची मुलं ओठ हलवतायत.)

राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. सहा वर्षांचं मूल तेवढा वेळ ताठ उभं राहू शकतं. प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या, सुविचार हे सगळं एकापाठोपाठ आलं की राहू शकत नाही. पहिलीला पुढे उभं करतात आणि प्रतिज्ञा झाली की आधी आत सोडतात.

यानंतरचा पाऊण तास गप्पा, गाणी आणि गोष्ट. घरात बहुतेक मुलं कोंकणी बोलतात, काही घरांत कन्नड किंवा हिंदी. टीचर मराठीत विचारते, मूल कोंकणीत उत्तर देतं आणि ते उत्तर पूर्ण धरलं जातं. "टीचर, म्हजी पेन्सिल मोडली." "मोडली? ही घे माझी पेन्सिल." बस. मुलाचं वाक्य दुरुस्त करून त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं तर ते पुढच्या वेळी बोलतच नाही, आणि न बोलणाऱ्या मुलाला वाचायला शिकवणं फार कठीण जातं. एनसीईआरटीने २०२१ मध्ये पहिलीसाठी विद्या प्रवेश नावाचा तीन महिन्यांचा तयारीचा कार्यक्रम दिला. त्यातही खेळ, बोलणं आणि ऐकणं आधी आहे, लिहिणं मागाहून.

एक गोष्ट मात्र कुठल्या कार्यक्रमात लिहिलेली नसते. पाऊस कौलांवर जोरात आला की वर्गात टीचरचा आवाज पोचत नाही. मागच्या मुलांना ओठ हललेले दिसतात, शब्द ऐकू येत नाहीत. अशा वेळी ओरडून शिकवण्यात अर्थ नाही. जाणती टीचर गोष्ट अर्ध्यावर थांबवते, पाटीची खूण करते आणि सर कमी होईपर्यंत लिहिण्याचं काम चालवते.

(दृश्य: पाटीवर हात. पेन्सिलीचा तुकडा. ग, म, भ, न.)

आता पाटी. वही लवकर दिली की मुलं खोडरबराने कागद फाडतात आणि चुकायला घाबरतात. पाटीवर चूक पुसता येते. पेन्सिल अख्खी देत नाहीत. तिचे दोन इंची तुकडे करतात. लांब पेन्सिल मूल मुठीत धरतं, आखूड तुकडा मुठीत मावतच नाही, त्याला तीन बोटांतच धरावं लागतं. पण तुकडा एका इंचाखाली गेला की काढून घ्यायचा, कारण तो तोंडात जातो. पाटी पुसायला डबीत ओला स्पंज आणि शेजारी कोरडं फडकं. फडकं नसलं तर ओल्या पाटीवर पेन्सिल उमटत नाही, आणि स्पंज सुकला की थुंकी येते. डबीत पाणी भरणं हे रोज एका मुलाचं काम, आणि ते सकाळीच.

अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने येत नाहीत. ग, म, भ, न आधी, कारण उजवीकडचा उभा दंड सगळ्यांना सारखा आहे. एकाचा हात बसला की दुसरं सोपं होतं. अक्षर आधी बोटाने हवेत, मग लादीवर खडूने मोठं, त्यावरून चालून, मग पाटीवर. गिरवताना शिरोरेघ शेवटी. मुलांना ती आधी काढायला आवडते, आणि मग अक्षरं तिच्यापासून सुटून खाली लोंबतात. आणखी एक: पूर्ण ओळीवर एकच लांब रेघ ओढली की दोन शब्दांमधली जागा नाहीशी होते.

भ आणि म, ध आणि घ या जोड्यांत वर्षभर गोंधळ होतो. बारकाईने पाहिलं तर कारण कळतं. भ आणि ध यांच्यावरची रेघ तुटक आहे, म आणि घ यांच्यावरची अखंड. घाईत रेघ पुढे ओढली की भाताचा मात होतो. ही चूक हाताची आहे, बुद्धीची नाही. अशा मुलाकडून पानभर भ लिहून घेण्यापेक्षा रेघ कुठे थांबते ती जागा लाल खडूने दाखवावी. दोन्ही अक्षरं एकाच दिवशी शिकवू नयेत, मधे निदान आठवडा जाऊ द्यावा. हेच ३ आणि ६ या अंकांचं. एक दुसऱ्याचं आरशातलं रूप, त्यामुळे एका दिवशी दोन्ही दिले की दोन्ही उलटे येतात.

डावखुऱ्या मुलाला बाकाच्या डाव्या टोकाला बसवतात. उजवीकडे बसलं तर शेजाऱ्याच्या कोपराला कोपर लागतं आणि दोघांच्याही रेघा हलतात. त्याचा हात लिहिलेल्यावरून पुढे सरकतो आणि पाटी पुसली जाते. पाटीची डावी बाजू थोडी वर करून ती तिरपी ठेवली, की मनगट ओळीच्या खाली राहतं. त्याला उजव्या हाताने लिहायला लावणं चुकीचं आहे. ही सवय काही घरांत अजून आहे आणि ती सोडायला सांगणं हे शाळेचं काम आहे.

(दृश्य: हिरांचे गठ्ठे, बाटल्यांची झाकणं, चिंचोके.)

गणितासाठी बाजारातली पेटी लागत नाही. माडाच्या झावळीचे हीर वीतभर कापून घेतात, टोकं घासून बोथट करतात. दहा हीर झाले की रबर. गठ्ठा मुलांनीच बांधायचा. तयार गठ्ठा दिला तर दहा म्हणजे एक वस्तू असा समज होतो, आतले दहा दिसत नाहीत. वीसच्या पुढे आणखी एक अडचण येते. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतात, वीस नंतर. मूल ऐकलं तसं लिहितं: ७२. इथे समजावून सांगणं थोडंच उपयोगी पडतं. आधी दोन गठ्ठे डावीकडे, मग सात सुटे उजवीकडे, मग त्यांच्याखाली अंक. हे सलग काही दिवस केलं की कान आणि हात जुळतात.

मोजायला बिया घेताना सावध राहावं. गोव्यात उन्हाळ्यात काजूच्या बिया घरोघरी असतात, पण कच्च्या बीच्या टरफलातल्या तेलाने कातडीवर फोड येतात. गुंजा दिसायला सुंदर, लाल-काळ्या, पण विषारी. त्या चावल्या तर जिवावर बेततं. चिंचोके चालतात, तरी ते नाकात जाऊ शकतात. पहिलीला बाटल्यांची झाकणं सगळ्यांत बरी.

(दृश्य: एक फळा, मधोमध उभी रेघ. डावीकडे पहिली, उजवीकडे दुसरी.)

टीचर दुसरीला हातच्याची बेरीज शिकवते तेव्हा पहिलीचं काय? पंधरा मिनिटं न विचारता करता येईल असं काम त्यांच्यापुढे हवं, आणि ते कालच शिकलेलं हवं. नवं काम दिलं की दर मिनिटाला कुणीतरी उठून येतं. मण्यांची माळ, चित्रांच्या जोड्या, मातीची अक्षरं, आधी ऐकलेल्या गोष्टीचं चित्र. लवकर आटोपलेल्यांसाठी कोपऱ्यात चित्रांची पुस्तकं. मोठ्यांचा पाठ लहानांच्या कानावर पडत असतो, हा जोडवर्गाचा खरा फायदा. पहिलीतली दोन-तीन मुलं दुसरीची कविता त्यांच्याआधी पाठ म्हणतात.

लघवीला जायची परवानगी मागायला पहिलीतलं मूल लाजतं आणि उशीर होतो. दाराजवळ खिळ्याला दोन बिल्ले असतात, एक मुलींचा, एक मुलांचा. बिल्ला असला तर घेऊन जायचं, विचारायचं नाही. परत आलं की अडकवायचा. कपाटात दोन-तीन जादा चड्ड्या आणि एक टॉवेल असतो. पावसाळ्यात ते लागतातच. असं घडलं तर त्याची वर्गात चर्चा होत नाही. पालकांना शिक्षक एक विनंती करतात: चड्डीला बटण नको, इलॅस्टिक असू दे.

(दृश्य: नळ. जाळीच्या पिशवीत बांधलेला साबण. माध्यान्ह आहाराचे डबे.)

माध्यान्ह आहार गोव्यात बहुतेक ठिकाणी महिलांचे स्वयंसहाय्य गट करून आणतात. भाजी-पाव, पातळ भाजी, पुलाव. प्राथमिकच्या मुलाला या आहारातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं केंद्राचं प्रमाण आहे. वाढण्याआधी शिक्षकाने चव घ्यायची असते. हा नियम कागदावर ठेवायचा नाही, कारण पावसाळी हवेत वाटाण्याची भाजी लवकर आंबते.

त्याआधी हात. साबण लावून वीस सेकंद चोळणं, मग धुणं, मिळून पाऊण मिनिट. वीस मुलं आणि दोन नळ म्हणजे साडेसात मिनिटं. सगळ्यांना एकदम सोडलं तर ढकलाढकली होते आणि मागची मुलं हात नुसते भिजवून पळतात. चार-चार जणांना सोडायचं. बाकीचे जागेवर बसून गाणं म्हणतात. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधलेला असतो, म्हणजे तो निसटून गटारात जात नाही.

या वयात पुढचे दुधाचे दात पडतात. पावाची कडक कड चावता येत नाही म्हणून मूल पाव टाकून देतं. पाव भाजीत बुडवून द्यायचा. याच पडलेल्या दातांमुळे स आणि फ नीट उमटत नाहीत. ती वाचनाची चूक म्हणून नोंदवू नये.

(दृश्य: साडेबाराला पंधरा मिनिटं कमी. दप्तरं.)

शेवटची पंधरा मिनिटं दप्तराची. पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलोच्या आत असावं आणि दुसरीपर्यंत गृहपाठ नसावा, असं २०२० च्या दप्तर धोरणात म्हटलं आहे. पाट्या वर्गातच राहतात. घरी जातो फक्त डबा, बाटली आणि आठवड्यातून एकदा चित्रांचं पुस्तक.

मुलांना रांगेने सोडत नाहीत, माणूस पाहून सोडतात. भिंतीवर यादी असते: कुणाला आई नेते, कुणाला आजी, कोण चौथीतल्या बहिणीबरोबर चालत जातं. ओहोळ ओलांडून येणाऱ्या मुलांच्या नावापुढे खूण. पाणी वाढलं असेल तर घरचं मोठं माणूस येईपर्यंत ती मुलं व्हरांड्यात थांबतात, बहीण बरोबर असली तरी. तोवर टीचर वहीत दोन मुलांबद्दल दोन-दोन ओळी लिहिते. रोज दोन मुलं, म्हणजे वीस मुलांची पाळी दहा दिवसांत पूर्ण. आज कुणी भ बरोबर काढला, कुणी अजून एकटंच बसतं, कुणाला फळा दिसत नाही असं वाटतं. फळ्याचं असेल तर उद्या त्याला पुढच्या बाकावर बसवून पाहायचं आणि तरीही डोळे बारीक करत असेल, तर पालकांना त्याच आठवड्यात आरोग्य केंद्रात डोळे तपासायला सांगायचं.