वादळ दूर असेल तेव्हा वर बघा

श्रोतेहो, नमस्कार.

वीज म्हटली की आपली नजर ढगाखाली जाते. आज मात्र ढगाच्या कितीतरी वर, जमिनीपासून साधारण 50 ते 90 किलोमीटर उंचीवर उमटणाऱ्या लाल प्रकाशाविषयी बोलायचं आहे. याला म्हणतात स्प्राइट. त्या उंचीवर असं काही घडू शकेल, हे स्कॉटिश भौतिकशास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी 1920च्या दशकातच मांडलं होतं. चित्रण मात्र हाती लागलं 6 जुलै 1989 रोजी. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातली मंडळी रॉकेट मोहिमेसाठीचा कॅमेरा तपासत होती, आणि तो नेमका वादळाच्या दिशेला रोखलेला होता!

हे घडतं कसं? जमिनीवर पडणाऱ्या बहुतेक विजा ढगातला ऋण प्रभार खाली आणतात. दहातली एखादी धन प्रभार आणते, आणि स्प्राइटमागे बहुधा हीच असते. ती ढगातला भरपूर प्रभार एकदम उपसते. मग वरच्या विरळ हवेत विद्युतक्षेत्र क्षणभर इतकं चढतं की नायट्रोजन लाल चमकून उठतो. वर लाल झुंबर, खाली निळसर होत जाणारे तंतू. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा. पापणी लवली की संपला.

आता गंमत बघा. वादळाचा जो भाग सगळ्यात जास्त थैमान घालतो, तिथे स्प्राइट फारसे दिसत नाहीत. मोठ्या वादळाच्या मागे रेंगाळणारा, संथ पावसाचा विस्तीर्ण पट्टा असतो ना, स्प्राइट उमटवणाऱ्या धन प्रभाराच्या विजा बहुतेक तिथल्या. माझं तर मत आहे, कॅमेरा घेऊन कडकडाटामागे धावणारे चुकीच्या जागी उभे असतात. वादळ डोक्यावर असेल तर ढगच आड येतो.

वादळ दोन-तीनशे किलोमीटर दूर हवं, मधलं आकाश निरभ्र आणि रात्र काळोखी. 300 किलोमीटरवरचा स्प्राइट क्षितिजापासून जेमतेम 13 अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरा, तिच्या थोडं वर. खालचा लखलखाट हाताने झाका, नाहीतर डोळे दिपतात. कॅमेरा असेल तर फोकस एखाद्या ताऱ्यावर हाताने लावा, संवेदनशीलता वाढवा आणि व्हिडिओच घ्या. कॅमेऱ्याचं घड्याळ मात्र आधी अचूक लावून ठेवा. चौकटीतल्या ताऱ्यांवरून दिशा काढता येते, वेळेवरून विजांच्या नोंदी चाळता येतात, आणि स्प्राइट नेमका कुठल्या विजेचा, ते हुडकता येतं.