कादंबरी अडली कुठे ते आधी बघा

नमस्कार श्रोतेहो. लिहिणारी मंडळी भेटली की हल्ली एक प्रश्न हमखास येतो, ‘लिहायला कुठलं सॉफ्टवेअर चांगलं?’ मी उलट विचारते, ‘तुमचं लिखाण अडलंय कुठे?’ यावर काहींचा चेहरा पडतो. सॉफ्टवेअरचं नाव सांगून मोकळं व्हावं, अशी त्यांची अपेक्षा असते. पण अडण्याअडण्यात फरक असतो आणि तो कळल्याशिवाय नाव सांगण्यात अर्थ नाही.

समजा, तुम्ही मुंबईच्या गिरणी संपावर कादंबरी लिहिताय. लालबागची चाळ, साचाखात्यातला, म्हणजे कापड विणण्याच्या विभागातला एक कामगार, आणि घरी खानावळ चालवणारी त्याची बायको. पाच-सहा प्रकरणं झाली, आता पुढे जाववत नाही. अशा वेळी मी म्हणेन, एक्सेल उघडा. हो, हिशेबाचंच! एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात प्रसंग, तिसऱ्यात हजर कोण आणि चौथ्यात त्या क्षणी कोणाला काय ठाऊक आहे. हा चौथा रकाना फार कामाचा.

संप सुरू झाला 18 जानेवारी 1982 ला. ही तारीख तुम्हाला हलवता येत नाही. मग लक्षात येतं, की खानावळीत जेवणारे बहुतेक गडी एकटे राहणारे, कोकणातले नाहीतर घाटावरचे. पगार थांबल्यावर ते गावाकडे जाणार. म्हणजे त्या वर्षीच्या पावसाळ्यात तुम्ही रंगवलेली भरलेली पंगत तिथे बसतच नाही. ती प्रकरणं संपाच्या आधीच्या काळात न्यायला हवीत. आणि संपाची झळ तिच्या चुलीला कधी लागली, हा नवा प्रसंग तुम्हाला मिळतो. अडलेली गोष्ट बऱ्याचदा अशी सुटते.

पण त्याच तक्त्याची शेवटची ओळ बघा. कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालचा तो संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, तो विरत गेला. मग कादंबरी संपवायची कुठे? काही कामगार पुन्हा गेटवर गेले, काही गावी राहिले, काहींची गिरणीच बंद पडली. तुमच्या माणसाचा संप कुठल्या दिवशी संपला, आणि त्याच्या बायकोचा त्याआधीच संपला होता का? इथे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर मदतीला येत नाही. इथे संगणक बंद करून त्या दोघांना एकमेकांशी भांडू द्यावं. ते भांडण वहीत लिहा, मग कादंबरीत आलं नाही तरी चालेल.

आता वळूया निवडीकडे. प्रसंगांची उलथापालथ हीच अडचण असेल, तर स्क्रिव्हनर हे खास लेखकांसाठीचं सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. त्यात प्रसंगांची छोटी कार्डं पडद्यावर मांडून मागेपुढे करता येतात. ते विकत घ्यावं लागतं. पण लिबरऑफिस रायटर फुकट आहे. प्रत्येक प्रकरणाला हेडिंगची स्टाइल दिलीत, की नॅव्हिगेटरमधून, म्हणजे प्रकरणांची यादी दाखवणाऱ्या चौकटीतून, अख्खं प्रकरण उचलून दुसरीकडे नेता येतं. मला तेवढं पुरतं. बोलून टाइप करणं संवादांसाठी छान, वेग येतो. मात्र तुमची आजी मालवणीत बोलत असेल तर यंत्र बहुधा तिला पुस्तकी मराठी शिकवेल.

मराठी लेखकाची खरी कसोटी निराळीच आहे. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. देवनागरी त्यात 1991 पासून आहे. तरीही आपल्याकडे पुष्कळ मजकूर जुन्या फॉन्टमध्ये अडकलाय. त्या फॉन्टमध्ये आत साठलेली असतात इंग्रजी अक्षरं, वर नुसता मराठी मुखवटा. फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की सगळी गिचमिड दिसते. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर आहेत, पण त्यांतून काढलेला मजकूर पुन्हा वाचावाच लागतो. रफार आणि जोडाक्षरं घसरतात. छपाईसाठी जुना फॉन्ट कुणी मागितला तर त्यांच्यासाठी वेगळी प्रत करा. मूळ प्रत युनिकोडमध्येच राहू द्या, आणि ती संगणकाबाहेरही एका ठिकाणी ठेवा.

म्हणून कुठल्याही सॉफ्टवेअरला पैसे देण्याआधी त्याची चाचणी आवृत्ती घ्या. तिच्यात चार ओळी लिहा, आणि त्यांत ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘कळ्या’ हे शब्द मुद्दाम घाला. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्डवर ‘दऱ्या’तला तो ‘ऱ’ शिफ्ट धरून ‘जे’ दाबला की येतो, पुढे हलन्त आणि ‘य’. मग मजकूर साध्या टेक्स्ट फाइलमध्ये बाहेर काढा, पीडीएफही करा, आणि दोन्ही दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडून बघा. दऱ्यांचा दर्या झाला असेल, तर पैसे खिशातच ठेवा. नमस्कार.