2–6 वरून 7–6: महिला फ्लोअरबॉलचं विश्व अजिंक्यपद

(पडद्यावर: गोलसमोर गुडघ्यांवर बसलेली गोलरक्षक)

आधी हिचे हात पाहा. रिकामे आहेत. फ्लोअरबॉल म्हणजे बंदिस्त सभागृहात स्टिकने खेळायचा, हॉकीसारखा खेळ; पण यात गोलरक्षकाला स्टिक मिळत नाही. तोंडावर जाळीचं हेल्मेट, अंगात जाड पॅडिंग, आणि अडवायला दोन हात, छाती, मांड्या. मागचा गोल 160 सेंटिमीटर रुंद आणि 115 सेंटिमीटर उंच. उभी राहिली तर खालचे कोपरे मोकळे पडतात, म्हणून जवळजवळ सगळा सामना ती गुडघ्यांवर खेळते. सरकते, झेपावते, पुन्हा जागेवर येते. चेंडू हातात सापडला तरी तीन सेकंदांत सोडावा लागतो.

चेंडू प्लास्टिकचा, पोकळ, 26 भोकांचा. वजन जेमतेम 23 ग्रॅम. हलका आहे म्हणून सोपा आहे, असं मात्र मुळीच नाही. गर्दीतून फटका सुटतो, वाटेत कुणाच्या तरी पायाला घासतो, दिशा बदलतो, आणि गोलरक्षक एका बाजूला झेपावलेली असताना दुसऱ्या बाजूने आत जातो.

मैदान 40 मीटर लांब, 20 मीटर रुंद. भोवती अर्धा मीटर उंचीचे बोर्ड, कोपरे गोलाकार. चेंडू बोर्डावर आपटून परत खेळात येतो, त्यामुळे दम खायला फुरसत नाही. एका बाजूला पाच खेळाडू आणि गोलरक्षक. बदली खेळाडू खेळ चालू असतानाच बोर्डवरून उडी मारून आत येतात. 20 मिनिटांची तीन सत्रं. आणि खेळ थांबला की घड्याळही थांबतं. हे थांबणारं घड्याळ लक्षात ठेवा.

(पडद्यावर: जुनी छायाचित्रं, नकाशा)

स्वीडन, फिनलंड आणि स्वित्झर्लंड या तीन देशांनी 1986 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. पुरुषांचं पहिलं विश्व अजिंक्यपद 1996 मध्ये झालं आणि महिलांचं लगेच पुढच्या वर्षी, फिनलंडच्या ओलांड बेटांवर. तेव्हापासून दर दोन वर्षांनी, विषम साली, महिलांची स्पर्धा होते. एका वर्षाचं अंतर म्हणजे काहीच नाही. इतर कितीतरी खेळांत महिलांना यासाठी दशकं थांबावं लागलं. पण वर्ल्ड गेम्समध्ये, म्हणजे ऑलिंपिकमध्ये नसलेल्या खेळांच्या जागतिक स्पर्धेत, चित्र वेगळं दिसतं. तिथे पुरुषांचे संघ 2017 मध्ये खेळले, महिलांच्या वाट्याला 2025 उजाडलं. एवढा उशीर होण्यासारखं या खेळात काहीच नव्हतं.

2023 पर्यंत महिलांचं सुवर्ण तीनच देशांनी नेलं, आणि ते तिघेही संस्थापक. फिनलंड 1999 आणि 2001 मध्ये जिंकला. स्वित्झर्लंड एकदाच, 2005 मध्ये सिंगापूरला. बाकी सगळं स्वीडनचं. 2007 ते 2023 या काळात सलग नऊ विजेतेपदं. आकडा ऐकून वाटतं, मग पाहायचं तरी काय? उत्तर स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल शहरात आहे.

(पडद्यावर: न्यूशातेल, डिसेंबर 2019)

यजमान स्वित्झर्लंड विरुद्ध चेक प्रजासत्ताक, उपांत्य सामना. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, आणि तिसऱ्या सत्राच्या शेवटाकडे धावफलक 2–6. खेळायला तीन मिनिटांहूनही कमी वेळ उरलेला. कोणत्याही खेळात अशा वेळी लोक कोट चढवून दाराकडे निघतात.

पण फ्लोअरबॉलमध्ये तीन मिनिटं म्हणजे खरोखरची तीन मिनिटं. पुढे असलेल्या संघाला वेळ काढता येत नाही, कारण शिट्टी वाजली की घड्याळ उभं. मागे पडलेला संघ गोलरक्षकाला बाकावर बोलावून तिच्या जागी सहावी खेळाडू उतरवू शकतो. आपला गोल उघडा पडतो, पण समोर पाचांवर सहा होतात. शिवाय एक गोल झाला की बचाव करणाऱ्यांचे पाय जड होतात. दुसरा झाला की पास चुकू लागतात.

स्विस मुलींनी चार गोल केले. 6–6. सामना जादा वेळेत गेला. तिथे पहिला गोल करील तो संघ जिंकतो, आणि तो गोलही स्वित्झर्लंडने केला. 7–6.

चेक खेळाडूंसाठी हा पराभव किती कडू असेल! सामन्याचा बराचसा भाग त्याच सरस होत्या. त्यांचा खेळ कमी पडला म्हणून त्या हरल्या, असं म्हणणं अन्यायाचं होईल.

अंतिम सामन्यात समोर स्वीडन. तोही सामना जादा वेळेत गेला. लारा हाइनीसारखी गोलरक्षक मागे असताना स्वित्झर्लंड अगदी उंबरठ्यापर्यंत पोहोचलं होतं. 3–2 असा स्वीडन जिंकला. नऊ विजेतेपदांच्या त्या रांगेतलं हे एक, आणि ते एका गोलावर ठरलं.

(पडद्यावर: सकाळचा सामना, तुरळक प्रेक्षक)

आता थोडं त्या संघांकडे, ज्यांचे सामने सकाळी असतात. स्पर्धेत सोळा देश. न्यूशातेलच्या वेळी क्रमवारीतले वरचे आठ अ आणि ब गटांत होते, उरलेले आठ क आणि ड मध्ये. वरच्या गटांतले पहिले दोन संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत. खालच्या गटांतून पहिले दोन आले तर त्यांना आधी वरच्या गटांतल्या तिसऱ्या-चौथ्या संघांना हरवावं लागतं. काहींना ही रचना अन्यायाची वाटते. मला ती पटते. एरवी वीस-वीस गोलांचे एकतर्फी सामने पाहावे लागतात, आणि त्यातून हरणारा काही शिकत नाही, जिंकणाराही नाही.

पदकाची आशा संपली तरी हे संघ स्थानांसाठी शेवटपर्यंत खेळतात. क्रमवारी शेवटच्या दोन विश्व अजिंक्यपदांवरून ठरते, त्यामुळे नवव्या-दहाव्या जागेची लढतही जीव तोडून होते. पहिल्या आठांत नाव आलं, तर पुढच्या वेळी सलामीलाच स्वीडन किंवा फिनलंड समोर येऊ शकतं. आणि त्यासाठीच तर ही सगळी धडपड असते.