‘छान राहिला हो’च्या पलीकडे

(घरगुती पाळणाघर चालवणाऱ्या महिलांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मैत्रिणींनो, रजेच्या हिशेबापासूनच सुरुवात करते. 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची प्रसूती रजा मिळते. पण त्यातले 8 आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. जिने ते घेतले, तिचं बाळ आपल्याकडे येतं तेव्हा जेमतेम चार महिन्यांचं असतं. वरचं अन्न सुरू नाही, नुसतं आईचं दूध. ती पहाटे उठून दूध काढते, बाटल्या भरते आणि धावतपळत लोकल पकडते. अशा बाईला संध्याकाळी ‘छान राहिला हो’ म्हणणं म्हणजे काहीच न सांगणं.

तिला सांगायचं ते असं: अकरा वाजता पाजलं, 60 मिली प्यायला, 40 उरलं, ते टाकलं. ‘टाकलं’ म्हणताना आपली जीभ अडखळते, कारण तिचे कष्ट दिसत असतात. तरी सांगायचं. तोंड लागलेलं दूध दोन तासांपलीकडे ठेवत नाहीत, हेही सांगायचं. मग उद्या ती 100ची एक बाटली भरण्याऐवजी 50-50च्या दोन भरेल.

आता चावण्याचं. दीड-दोन वर्षांची मुलं चावतात, त्यात कुणाचे संस्कार काढायचं कारण नाही. पण दंडावर उमटलेले दात आईने घरी अंघोळ घालताना पाहिले, तर विश्वास गेलाच म्हणून समजा. दुपारी लगेच फोन करा: ‘दात उमटलेत, कातडी फुटलेली नाही, साबणाने धुतलं, गार पट्टी ठेवली, आता खेळतोय.’ कोण चावलं, ते नाव सांगायचं नाही. ती खोदून विचारेल, तरी नाही. चावणाऱ्याच्या आईला वेगळा फोन. आणि हे ग्रुपवर टाकू नका बरं का! ग्रुप सुट्ट्यांसाठी ठेवा.

मूल न्यायला आजी येतात तिथे आणखी एक गोष्ट. ‘पोट जरा बिघडलंय’ हा निरोप घरी पोचेपर्यंत ‘काय खायला घातलं कोण जाणे’ असा होतो. आजींना तोंडी सांगायचंच, नाहीतर डावलल्यासारखं वाटतं. पण ताप, जुलाब, औषध आईबाबांच्या मोबाइलवर लिहूनही पाठवा. उलट दिशेलाही तेच. ‘तापाचं अर्धा चमचा द्या’ एवढ्या निरोपावर औषध देऊ नका. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्स आणि सिरपची ताकद वेगवेगळी असते, डोस वजनावर ठरतो. बाटलीचं नाव, किती मिली, किती वाजता, हे त्यांनी लिहून द्यायला हवं, डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या फोटोसकट.

पैशांचं, उशिरा नेण्याचं पहिल्याच दिवशी कागदावर घ्या. त्यावर जास्त बोलत नाही.

आणि हो, बाबांनाही फोन करत जा. आपण सवयीने आईलाच लावतो. ती मीटिंगमध्ये किंवा गाडीत असते आणि बाबा दोन गल्ल्या पलीकडे घरून काम करत बसलेले असतात.